कंट्रोलरसाहेब आणि काळी तीन

पेटी वाजत नाही, वाजतो तो कॉम्प्युटर, हे वाक्य मी दोन हजार सहा सालच्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या एकूण एक माणसाला समजावून सांगितलं आणि एकालाही ते पटलं नाही.

तिचं पूर्ण नाव मिडी कीबोर्ड कंट्रोलर. नागपूरचे एक संगीतप्रेमी गृहस्थ परदेशी निघाले होते, त्यांच्याकडून मी ती जुनी घेतली. दिसायला पेटीसारखीच, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची. पण तिला स्वतःचा आवाज नाही. आपण पट्टी दाबली की ती एका जाड वायरीतून कॉम्प्युटरला निरोप धाडते, की बाबा अमुक पट्टी दाबली आहे, आता तू बघ. मग कॉम्प्युटर सूर काढतो. ऑर्गनचा म्हणाल तर ऑर्गनचा, सनईचा म्हणाल तर सनईचा. म्हणजे हुकूम एकाने द्यायचा आणि राबायचं दुसऱ्याने. मी ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात वीस वर्षं हेडक्लार्कच्या हाताखाली काढली असल्यामुळे ही यंत्रणा मला फार लवकर समजली.

जयाला, म्हणजे आमच्या मंडळींना, ती त्याहून लवकर समजली.

"म्हणजे तुमी मुकी पेटी आणली," ती म्हणाली.

माझा स्टुडिओ म्हणजे आमची धानाची खोली. तीन बाजूंना धानाची पोती छतापर्यंत रचलेली, त्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. मोठ्या शहरांत लोक यासाठी भिंतींना काय काय चिकटवतात म्हणे. आमच्याकडे ते शेतातून येतं आणि पुढे खाताही येतं. फक्त उंदरांचा बंदोबस्त करावा लागतो, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी अंगाला कुसं टोचली तरी हलायचं नाही अशी सवय लावून घ्यावी लागते.

आता हे सगळं मी हौसेखातर केलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मी शब्द देऊन बसलो होतो, आणि तोही सासऱ्यांना.

आमचे सासरे पोचूजी, त्यांना मी मामाजी म्हणतो. तलावाकाठचं गाव, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. तलावाच्या या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, त्या पाळीजवळच्या डोंग्याला हाक मारून मारून त्यांचा गळा असा तयार झाला होता की गावच्या नाटकात राजाचं काम दुसऱ्या कुणी मागितलंच नाही. आमच्या झाडीत, म्हणजे विदर्भाच्या या पूर्व टोकाला, दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, लेकी-जावई झाडून गोळा होतात आणि गावाचं नाटक होतं. त्या नाटकात मामाजी चाळीस वर्षं राजा होते. नाटकं बदलली, राण्या बदलल्या, प्रधान तर दोन मेले, राजा तोच. पडदा उघडला की राजाने प्रवेशाचं पद म्हणायचं आणि खाली ऑर्गनवर लटारूमास्तरांनी साथ करायची, हा रिवाज.

त्या उन्हाळ्यात लटारूमास्तर वारले. मंडया सगळीकडे एकाच सुमारास, त्यामुळे दुसरा ऑर्गनवाला मिळणं कठीण. मामाजी म्हणाले, यंदाचं आपलं शेवटचं काम, एवढं पद झालं की मुकुट उतरवतो, पण मास्तर नाही तर पदही नाही. सगळं घर गप्प बसलं होतं. अशा वेळी जावयाने गप्प बसायचं असतं. मी म्हणालो, "मामाजी, मी आहे ना. मी ऑर्गन कॉम्प्युटरवर वाजवतो, सीडी करून देतो. मंडईत नुसती लावायची आणि तुम्ही गायचं."

जयाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या माहेरच्या चौदा माणसांनीही पाहिलं.

पहिल्या तालमीला मामाजी सकाळच्या बसने आले. हातातल्या पिशवीत पळसाच्या पानात गुंडाळलेली मरळ, ती जयाकडे दिली. चपला बाहेर काढून धानाच्या खोलीत शिरले, पेटीला नमस्कार केला आणि एका काळ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"मले काळी तीन लागते, जावईबापू. चाळीस साल झाले, काळी तीन. मास्तर देत होते."

काळी तीन म्हणजे चांगली चढी पट्टी, भल्याभल्यांना पेलत नाही. मी आदराने मान डोलावली, पट्टी दाबली आणि नेमकी लाईन गेली. तेव्हा भारनियमन इतकं होतं की लाईन गेली हे कुणी सांगायचं नाही, आली तर सांगायचं. मामाजींना त्याचं काही वाटलं नाही. ते पेटीवरचं बोट न उचलता अंधारातच पद गायले. धानाची पोती थरारली. नऊ मिनिटांचं पद, पण नुसतं ऐकून मला पुढचे दोन दिवस ऑफिसात ताठ बसावंसं वाटलं.

मामाजी बसस्टँडकडे गेले आणि लाईन आली. त्यांचा सूर अजून कानात होता. मी काळी तीन दाबून पाहिली. जुळेना. एक एक पट्टी खाली येत गेलो, तीन पायऱ्या उतरलो तेव्हा सूर जुळला. मामाजी गायले होते काळी दोनमध्ये.

मी विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात जाऊन जयाला हे सांगितलं. ती मरळ कापत होती. हातातला विळा तिने खाली ठेवला.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "मास्तरानं सांगतलं होतं. बाबाचा आवाज उमरीनं खाली आला. दर चार-पाच सालानं मास्तर एक एक पायरी उतरवत गेले, अन् बाबाले म्हणत, काळी तीनच आहे. बाबा स्टेजवर, मास्तर खाली, कोण पाह्यते बोट कुठी आहे ते? तुमी सांगाल नोको हं. त्याहीले कळलं तं ते यंदा मुकुट घालनार नाईत."

"पण इथं ते माझ्याशेजारी उभे राहतात. बोट ठेवून पट्टी दाखवतात."

"मंग तुमचं मशीन कायच्या कामाचं?"

मशीन कामाचं होतं. पेटीवर एक बटण असतं. ते तीनदा दाबलं की सगळ्या पट्ट्या तीन पायऱ्या खाली सरकतात. बोट काळी तीनवर, सूर काळी दोनचा. लटारूमास्तरांना जे करायला पंधरा वर्षं लागली ते मी एका मिनिटात केलं आणि त्या रात्री मरळीच्या रश्श्यावर आडवा हात मारला.

सकाळी पाहतो तर पेटी सगळं विसरलेली. वीज गेली की पेटी बंद आणि बंद झाली की बटणाची आठवण पुसली जाते, पुन्हा काळी तीन म्हणजे काळी तीनच. वीज पूर्ण जायलाही नको. समोरच्या राईस मिलची मोठी मोटर सुरू झाली की आमच्या गल्लीतले दिवे क्षणभर डोळे मिटतात, तेवढं पुरे. आणि दिवाळीनंतर राईस मिल दिवसातून किती वेळा सुरू होते हे झाडीतल्या माणसाला सांगायला नको.

म्हणजे काम असं होतं. नऊ मिनिटांचं पद आणि त्याआधीच्या मामाजींच्या गोष्टी, मिळून अर्धा-पाऊण तास पेटीची वीज एका पापणीएवढीही हलता कामा नये. हलली तर खरी काळी तीन वाजणार, मामाजींचा गळा तिथवर पोचणार नाही, आणि चाळीस वर्षं राजा राहिलेल्या माणसाला माझ्या धानाच्या खोलीत कळणार की तो म्हातारा झाला.

मी या कामात कुणाचाच सल्ला घेणार नव्हतो. पण आमच्या शेजारी इसरूभाऊ राहतात. राईस मिलमध्ये तीस वर्षं वायरमन होते, आता निवृत्त आहेत, म्हणजे पूर्वी फक्त मिलची कामं करायचे, आता सगळ्यांची करतात. ते कुंपणावरून म्हणाले, "काऊन जी धनराजभाऊ, चेहरा काऊन उतरला?" आणि मी चुकलो.

पेटीचा मूळ अडॅप्टर, म्हणजे भिंतीतली वीज बारीक करून पेटीला देणारा डबा, नागपूरच्या गृहस्थांनी हरवलेला होता. मी रेडिओच्या दुकानातून दुसरा आणला होता. इसरूभाऊंनी तो हातात घेऊन वजन पाहिलं. विजेची वस्तू ते नेहमी वजनावर जोखतात. "हलका आहे," ते म्हणाले, "अन् प्लस-मायनस उलटं आहे." त्यांनी वायर कापून उलटी जोडली. ती आधी सुलटी होती, हे डबा फुटल्यावर कळलं. धूर निघाला, वास तीन दिवस राहिला, पण पेटी वाचली. इसरूभाऊ म्हणाले, "पाहा, म्हनलं होतं ना, हलका आहे."

दुसरा अडॅप्टर आणला. कॉम्प्युटरला वीज गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं धरून ठेवणारा डबा होता, त्याच डब्यातून पेटीलाही वीज द्यावी अशी कल्पना मला सुचली. डब्याला ती आवडली नाही. दोघांचा भार पडला की तो टीं टीं करून ओरडायचा. सीडीवर राजाच्या प्रवेशाला टीं टीं चालणार नव्हतं, निदान त्या नाटकात तरी.

मग आठ सेल. पेटीच्या पोटात सेल घालायची जागा होती. बाजारातून आठ सेल आणून घातले, बटण तीनदा दाबलं, राईस मिल दोनदा सुरू होऊ दिली, पेटी ढिम्म हलली नाही. मी समाधानाने चहा प्यायला गेलो आणि परत येतो तर पेटी झोपलेली. सेलवर असताना पाच मिनिटं कुणी हात लावला नाही तर वीज वाचवण्यासाठी ती आपण होऊन बंद होते, असं तिच्या पुस्तकात लिहिलं होतं. ज्या राज्यात सोळा सोळा तास वीज नसते त्या राज्यात येऊन तिने वीज वाचवावी, यावर मला काही बोलायचं नाही. पण मामाजी पदाच्या आधी जी गोष्ट सांगतात, की सत्तर साली प्रधानाच्या मिशा कशा गळून पडल्या, ती एकटीच दहा मिनिटांची आहे. त्या वेळात मी पट्ट्या दाबत बसलो असतो तर ते थांबून म्हणाले असते, काऊन जी जावईबापू, कंटाळा आला काय?

मग इसरूभाऊंनी स्कूटरची बॅटरी सुचवली. माझ्या स्कूटरची. मी आठवडाभर कॉलेजात सायकलने गेलो आणि हेडक्लार्कने दोनदा विचारलं की डॉक्टरने सांगितलं का. बॅटरीवर पेटी उत्तम चालली, कधी झोपली नाही, कधी विसरली नाही. मी शुक्रवारची वेळ नक्की केली, मामाजींना निरोप धाडला, आणि गुरुवारी बॅटरीतलं पाणी कमी झालं असं वाटून इसरूभाऊंनी तिच्यात विहिरीचं पाणी ओतलं. बॅटरी तिथेच गेली. हे मला त्यांनी फार शांतपणे सांगितलं, कारण त्यांच्या मते विहीर चांगली होती.

आता मागे वळून एक गोष्ट सांगायला हवी. शुक्रवार नक्की केला त्याच दिवशी, नुसत्या बॅटरीवर भरवसा नको म्हणून, मी विजेच्या ऑफिसात एक अर्ज दिला होता. मी ऑफिसचा माणूस, अर्जावर माझा विश्वास आहे. विषय लिहिला होता, 'मिडी कंट्रोलर यांस शुक्रवारी दुपारी तीन ते पाच अखंड वीजपुरवठा मिळणेबाबत.' मिडी हा शब्द साहेबाला मराठीत कळायचा नाही म्हणून त्या जागी मी एम, आय, डी, आय अशी चार इंग्रजी अक्षरं काढली. माझं अक्षर कॉलेजात नावाजलेलं आहे, दाखल्यांवरची नावं मीच लिहितो. पण त्या दिवशी पेन गळत होतं आणि शेवटचा आय पोटातून जरा वाकला.

गुरुवारी संध्याकाळी पाचला, म्हणजे बॅटरीचं सुतक चालू असताना, दारात जीप थांबली. विजेच्या ऑफिसातले तरुण इंजिनियर आणि त्यांच्यामागे श्रावण लाईनमन, दोघांनीही केस नीट विंचरलेले.

"साहेब आहेत का?" इंजिनियरने हळू आवाजात विचारलं.

"कोण साहेब?"

"कंट्रोलरसाहेब."

पेटीला इतक्या अदबीने कुणी कधी विचारलं नव्हतं. मला भरून आलं. "आहे ना, आतच आहे."

"भेटता येईल?"

"आत्ता झोपला असेल. पाच मिनिटं कुणी हात लावला नाही की झोपतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तब्येत बरी नाही का?"

"तब्येत ठणठणीत आहे. फक्त लाईनचं फार सांभाळावं लागतं. जरा कमी-जास्त झाली की आधी ठरलेलं सगळं विसरतो. पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं."

"मोठ्या लोकांचं असंच असतं," इंजिनियर म्हणाले. "बोलतात का काही?"

"छे, बोलत नाही. नुसते हुकूम सोडतो. आवाज दुसऱ्यानेच करायचा."

"तेही असंच असतं," श्रावण मनापासून म्हणाला.

"उतरलेत कुठे पण? रेस्ट हाऊसला काही नोंद नाही."

रेस्ट हाऊसचा संबंध मला कळला नाही, पण ठेवलाय कुठे असं विचारत असावेत म्हणून मी सांगितलं, "धानाच्या खोलीत. पोत्यांमध्ये."

इंजिनियर म्हणाले, "किती साधेपणा." आणि श्रावणला म्हणाले, "पाण्याच्या टाकीच्या लाईनवरून वायर ओढा. ती कधी जात नाही." जाताना श्रावण दारात वळून म्हणाला, "साहेबाले आमचा नमस्कार सांगजा."

ते गेल्यावर मी अर्जाची पोच काढून पाहिली. आवक क्लार्कने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'एमआयडीसीचे कंट्रोलर यांस अखंड वीजपुरवठा मिळणेबाबत.' माझा शेवटचा आय त्याला सी दिसला होता आणि माझी मुकी पेटी उद्योग खात्याची साहेब झाली होती.

मी सत्याला धरून चालणारा माणूस आहे. जीपमागे धावत जाऊन खुलासा करावा असं मला वाटलंही. पण जीप तोवर वळली होती, श्रावण खांबावर चढला होता, आणि खांबावरच्या माणसाला बोलण्यात गुंतवणं धोक्याचं असतं. खुलासा शनिवारी लेखी द्यायचा असं मी ठरवलं.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता आख्ख्या गल्लीत वीज नव्हती आणि माझ्या घरात पंखा गरगरत होता. ही गोष्ट लपत नाही. अडीचलाच गोकुळाबाई मिक्सर घेऊन आल्या. "मंडईले पाहुने येनार, जवसाची चटनी तेवढी काढून घेतो," त्या म्हणाल्या. त्यांच्यामागे कुणी इस्त्री, कुणी मोबाईल, एकजण पाणी तापवायची विजेची कांडी आणि बादली घेऊन आला, कारण त्याच्या मते अखंड वीज म्हणजे अखंडच. मला नाही म्हणता आलं नाही. चोरीच्या विजेवर माणूस उदार होतो. "आवाज तेवढा करू नका," एवढं सांगून मी धानाच्या खोलीचं दार लावलं आणि पेटीचा अडॅप्टर भिंतीत खोचून बटण तीनदा दाबलं.

मामाजी आले. त्या दिवशी त्यांनी पांढरं धोतर आणि धुतलेला सदरा घातला होता. गोष्टी सांगायच्या मनःस्थितीत ते नव्हते. जया दारापाशी बसली.

"मास्तर असते तं आज सोबत पान खाल्लं असतं," ते एवढंच म्हणाले आणि काळी तीनवर बोट ठेवलं. "हं."

मी वाजवायला लागलो. कॉम्प्युटरमधून ऑर्गन निघाला, मामाजींनी डोळे मिटले आणि सूर लावला. लागला. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, ते चढायला लागले. आपण एखादं काम बरं करतो आहोत असं आयुष्यात माणसाला दोन-तीनदाच वाटतं, मला ते तिसऱ्या कडव्याच्या सुमारास वाटत होतं. गल्लीतली लाईन आली, राईस मिल सुरू झाली, काही झालं नाही. आणि तेवढ्यात माजघरात मिक्सर, इस्त्री आणि कांडी, तिघांनी एकदम सूर लावला आणि आमच्या घराचा फ्यूज उडाला.

कॉम्प्युटर त्याच्या डब्यावर चालू होता. पेटी विझली. मामाजी डोळे मिटून तसेच उभे राहिले. बाहेर इसरूभाऊंचा आवाज आला, "थांबा, जाडी तार टाकतो, आता उडते कशी पाह्यतो." पेटीवरचा लाल दिवा पुन्हा लागला. माझी बोटं पट्ट्यांवरच होती आणि माझा मेंदू फ्यूजमध्ये अडकला होता. बटणाची आठवण यायच्या आत मी काळी तीन दाबली.

ती खरी काळी तीन होती.

मामाजींनी सूर लावला. आवाज वर गेला, अर्ध्यात फाटला, त्यांनी खोकून पुन्हा लावला, पुन्हा फाटला. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या बोटाकडे पाहिलं. बोट काळी तीनवरच होतं.

वीस वर्षांत हेडक्लार्कसमोर मला इतकी लाज वाटली नव्हती. मी पट्टीवरचं बोट काढून घेतलं. बोलली जया.

"बाबा, लाईन जास्त येऊन राह्यली," ती म्हणाली. "इसरूभाऊनं जाडी तार टाकली ना. व्होल्टेज वाढलं की मशीनचा सूर चढते. तुमचं काही नाई त्याच्यात."

"हाव मामाजी," मी म्हणालो, "व्होल्टेजच."

मामाजी धानाच्या पोत्याला टेकून बसले. गळ्यावरून हात फिरवला. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग माझ्याकडे.

"लटारूही असाच म्हणे," ते म्हणाले. "कधी चुकून वरून वाजवलं अन् माहा आवाज नाई पोचला, तं म्हणे, पोचूभाऊ, भात्यात हवा जास्त झाली. अन् मी म्हनो, असंन बा. त्याले वाटे मले कळत नाई. मरेपर्यंत बिचाऱ्याले तसंच वाटू देल्लं."

जया खाली बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मामाजी गुडघ्यावर हात देऊन उठले, सदरा सारखा केला आणि पेटीपाशी येऊन उभे राहिले.

"घ्या जावईबापू, तुमची लाईन तीन पायऱ्या खाली घ्या."

मी बटण तीनदा दाबलं. मामाजींनी काळ्या पट्टीवर बोट ठेवलं, मी ती दाबली. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली.

"हं," ते म्हणाले. "काळी तीन."